ब्र्नोमधल्या स्लाव्हिक भाषांच्या क्लासबद्दल, जावं की नाही विचारणाऱ्यांसाठी

इथं झेक प्रजासत्ताकातल्या ब्र्नोत राहणाऱ्या आपल्या चार-पाच जणांनी मला विचारलं की तू तो गुरुवारचा क्लास केलास तो कसा आहे, पैसे वसूल होतात का, म्हणून एकदाच नीट लिहून टाकते. जा. नक्की जा. फक्त झेक बोलायला शिकायचं म्हणून जाणार असाल तर नका जाऊ, कारण हा क्लास कुठलीही एक भाषा बोलायला शिकवतच नाही, तो सगळ्या स्लाव्हिक भाषा, म्हणजे झेक, पोलिश, रशियन, सर्बियन वगैरे, एकमेकींच्या कोण लागतात आणि कुठली कुठल्या लिपीत का लिहिली जाते हे शिकवतो. मला तेच हवं होतं.

बारा गुरुवार, संध्याकाळी सहा ते साडेसात, एका छोट्या खाजगी भाषाशाळेत, फी साडेचार हजार झेक कोरुना. शाळेचं नाव लिहीत नाहीये कारण पुढे थोडी तक्रार पण आहे, विचारलंत तर प्रत्यक्ष सांगेन. शिकवणं इंग्रजीतून. आम्ही नऊ जण होतो, शिकवणाऱ्या बाई सर्बियातल्या नोव्ही सादच्या, आणि बाई म्हणजे काय सांगू, इतकं जीव ओतून शिकवणारं माणूस मला कॉलेज संपल्यापासून भेटलं नव्हतं.

मी का गेले ते आधी सांगते. नवऱ्याच्या नोकरीमुळे इथं चार वर्षं झाली, माझं झेक दुकान-डॉक्टर-शाळा इतपत चालतं. पण रोज एक गोष्ट बघून मी चक्रावून जायचे, की आमच्या बिल्डिंगमधला स्लोव्हाक मुलगा सरळ स्लोव्हाकमध्ये बोलतो, समोरची आजी झेकमध्ये उत्तर देते आणि दोघांचं व्यवस्थित चालतं, कुणी भाषा बदलत नाही. मग पोलंडहून पाहुणे आले की निम्मं कळतं निम्मं नाही, आणि बल्गेरियन माणूस आला की सगळे गप्प. हे सगळं एकच घराणं आहे ना, मग असं का, हे मला कुणी नीट सांगत नव्हतं.

पहिल्याच तासाला बाईंनी भाषेचा एक शब्द पण शिकवला नाही, एक झेरॉक्स दिली, त्यावर गोल गोल, त्रिकोण, फुल्या अशी अक्षरं. मला वाटलं जॉर्जियन वगैरे काही असेल. ती होती ग्लागोलितिक, स्लाव्हिक भाषांची सगळ्यात जुनी लिपी. आणि गंमत म्हणजे आपण सगळे समजतो की संत सिरिलने सिरिलिक लिपी, म्हणजे रशियन, बल्गेरियन लिहितात ती, तयार केली, नावच आहे ना तसं, पण त्याने केली ती ही. सिरिल आणि त्याचा भाऊ मेथोडियस हे दोघे ग्रीसमधल्या थेसालोनिकीचे, आणि सन 863 मध्ये ते आले कुठं, तर इथं, मोरावियात! म्हणजे आपण ज्या भागात भाजी आणायला जातो त्याच भागात, तेव्हाच्या मोरावियाच्या रास्तिस्लाव राजाच्या बोलावण्यावरून, इथल्या लोकांना त्यांच्या बोलीत प्रार्थना करता याव्यात म्हणून. सिरिल 869 मध्ये रोममध्ये वारला, मेथोडियस 885 मध्ये, आणि त्याच्यानंतर त्याच्या शिष्यांना इथून हाकलून दिलं. ते गेले बल्गेरियात, तिथं त्यांना आसरा मिळाला, आणि तिथं नवव्या शतकाच्या शेवटी प्रेस्लाव्ह शहरातल्या विद्वानांकडे ग्रीक अक्षरांवरून एक सोपी लिपी तयार झाली, ग्रीकमध्ये नसलेल्या आवाजांना नवीन अक्षरं जोडून. ती आजची सिरिलिक. नाव मात्र गुरूचं लागलं.

जुन्या अक्षरांना नावं होती, अझ, बुकी, वेदे, ग्लागोली अशी. अझ म्हणजे मी, बुकी म्हणजे अक्षरं, वेदे म्हणजे जाणतो. सलग म्हटलं की 'मी अक्षरं जाणतो' असं वाक्यच तयार होतं. हे 'वेदे' आणि आपला वेद एकाच मुळाचे, विद् म्हणजे जाणणं. बाईंनी हे फळ्यावर लिहिलं आणि मी नुसती बघत राहिले, अंगावर काटा आला खरंच. आणि पहिल्या दोन अक्षरांच्या नावावरूनच मुळाक्षरांना 'अझबुका' म्हणतात.

तुमच्यापैकी कुणी कधी विचार केलाय का की इथं 5 आणि 6 जुलैला लागोपाठ दोन सुट्ट्या कसल्या असतात? मी चार वर्षं त्या सुट्ट्यांना तलावावर जात होते आणि मला माहीत नव्हतं. पाच तारीख सिरिल-मेथोडियसची. सहा तारीख यान हुसची, त्याला 1415 मध्ये त्याच दिवशी कॉन्स्टान्समध्ये जिवंत जाळलं. हुस धर्मसुधारक म्हणून सगळ्यांना माहीत असतो, पण झेक लेखनाबद्दलचा पंधराव्या शतकाच्या सुरुवातीचा एक ग्रंथ त्याच्या नावावर आहे, त्यात सुचवलं होतं की दोन-तीन रोमन अक्षरं जोडून एक आवाज लिहिण्यापेक्षा एकाच अक्षराच्या डोक्यावर खूण करा. तेव्हा टिंब होतं, पुढे त्याचा आजचा छोटा आकडा, म्हणजे हुकासारखी खूण, झाला, जो आपण झेक पाट्यांवर अक्षरांच्या डोक्यावर बघतो. म्हणजे एक दिवस लिपी आणणाऱ्यांचा आणि दुसरा दिवस त्या खुणांच्या माणसाचा. लागून.

आता आपल्या लोकांसाठी खास गोष्ट. तिसऱ्या तासाला 'त्स' आणि 'च' हे दोन वेगळे आवाज असा धडा होता, इंग्लंडचा एक मुलगा आणि एक ब्राझीलची मुलगी अर्धा तास घाम गाळत होते. मला काहीच करावं लागलं नाही, कारण आपल्याकडे चोरातला च आणि चारातला च वेगळा असतोच की! आपण लिहितो एकच अक्षर आणि वाचताना आपोआप बरोबर म्हणतो. झेकमध्ये साधं रोमन सी म्हणजे चोरातला च, आणि त्यावर आकडा असला की चारातला च. सिरिलिकमध्ये तर दोघांना वेगवेगळी अक्षरंच आहेत. पोलिशमध्ये आकडा नाही, तिथं सी आणि झेड जोडून लिहितात, म्हणून पोलिश पाटी बघितली की इतकी झेड दिसतात आणि झेक पाटीवर इतके आकडे, पण आवाज बऱ्याचदा तोच. मला हे बारा तासांत सगळ्यात जास्त उपयोगी पडलेलं ज्ञान आहे. मराठी माणसानं या क्लासला जाणं म्हणजे अर्धी तयारी घरूनच करून जाणं. तीन लिंगं आहेत, तो-ती-ते आपल्याला नवीन नाही. विभक्ती आहेत, शाळेत प्रथमा द्वितीया तृतीया घोकलेलं आहे, झेक आणि पोलिशमध्ये सात, रशियनमध्ये सहा. संबोधन पण आहे झेकमध्ये, यानाला हाक मारायची तर 'यानो', आपल्या 'मुलांनो'सारखं नाव बदलतं. बल्गेरियनमध्ये बाकीच्या विभक्ती जवळजवळ गेल्या पण संबोधन राहिलं, आणि रशियनमध्ये बाकी राहिल्या पण संबोधन गेलं, देवाला हाक मारण्यासारखे एखाद-दोन शब्द सोडले तर. आणि स्लोव्हेनियनमध्ये द्विवचन अजून जिवंत आहे, आम्ही दोघं यासाठी वेगळा शब्द, दोन लांडग्यांसाठी वेगळं रूप आणि तीन लांडग्यांसाठी वेगळं. संस्कृतचं द्विवचन शाळेत पाठ करताना मी रडले होते, आणि ते आज कुणीतरी घरात भाजी चिरताना वापरतंय हे ऐकून फार बरं वाटलं.

नात्यांचा तास मी कधी विसरणार नाही. बाईंनी फळ्यावर सर्बियनमधली सासरची नाती लिहिली. स्वेकार म्हणजे सासरा, स्वेक्र्वा म्हणजे सासू, देवेर म्हणजे दीर, स्नाहा म्हणजे सून. मी हात वर करून जवळजवळ ओरडलेच, कारण श्वशुर, श्वश्रू, देवर, स्नुषा, आपले सासरा, सासू, दीर, सून हे सगळे तिथूनच आलेत. मग बाई म्हणाल्या थांब, अजून एक आहे, आणि लिहिलं 'येत्र्वा'. नवऱ्याच्या भावाची बायको. इंग्रजीत त्याला धड शब्द नाही, सगळ्यांना एकच सिस्टर-इन-लॉ. मला पण पटकन कळलं नाही, घरी येऊन शोधलं तर संस्कृतात 'यातृ', आणि त्याच यातृची आपली जाऊ! मी रात्री साताऱ्याला माझ्या जावेला फोन लावला, म्हटलं वहिनी तुम्ही सर्बियात पण आहात. नणंदेला ते 'झाओवा' म्हणतात, ती मात्र आपल्याशी जुळली नाही.

इथं एक सांगितलंच पाहिजे, कारण आपल्याकडे व्हॉट्सॲपवर फिरत असतं की रशियन संस्कृतातून निघाली वगैरे. तसं नाहीये. बाईंनी फार छान समजावलं की या आणि आपल्या भाषा चुलत बहिणी आहेत, आईबापांच्या कितीतरी मागची पिढी एक होती. द्वार आणि द्वेर, नभ आणि नेबो, मधू आणि म्योद हे म्हणून सारखे वाटतात. आणि मला विचाराल तर कोण कुणाची आई यापेक्षा ही बहीण असणं जास्त जवळचं वाटतं.

घराण्याची मांडणी त्यांनी एका शब्दावर केली, डोकं. रशियनमध्ये लिहितात गोलोवा, युक्रेनियनमध्ये होलोवा, पोलिशमध्ये ग्वोवा, झेक आणि स्लोव्हाकमध्ये ह्लावा, सर्बियन, क्रोएशियन, बल्गेरियनमध्ये ग्लावा. आता नीट बघा, पूर्वेकडच्यांनी मध्ये एक स्वर जास्त घातलाय, आणि झेक, स्लोव्हाक, युक्रेनियन यांनी ग चा ह केलाय. एवढे दोन नियम खिशात ठेवले की बाकी किती शब्द आपोआप सुटतात बघा. सर्बियाचं बेओग्राद आणि रशियातलं बेल्गोरोद दोन्हींचा अर्थ पांढरं शहर, आणि झेकमध्ये तोच शब्द 'ह्राद' झाला आणि अर्थ किल्ला झाला, म्हणून आपल्या ब्र्नोच्या डोक्यावरचा श्पिल्बेर्क किल्ला हा ह्राद. मी आता ट्रॅममध्ये बसून जाहिराती वाचत हाच खेळ खेळते. महिन्यांचं मात्र सांभाळून. झेकमध्ये क्व्येतेन म्हणजे मे आणि पोलिशमध्ये क्व्येचेन म्हणजे एप्रिल, दोन्ही फुलांवरून. लिस्तोपाद म्हणजे पानगळ, तो इथं नोव्हेंबर आणि क्रोएशियात ऑक्टोबर. क्रोएशियातलं हॉटेल बुक करताना तारखा आकड्यात लिहा बाबांनो.

पावाचा किस्सा सांगते. सहाव्या तासाला बाईंनी टेबलावर एक पाव आणून ठेवला आणि सगळ्यांना विचारलं हा 'चेरस्त्वी' आहे का. झेक आणि स्लोव्हाकमध्ये याचा अर्थ ताजा. आमच्यात युक्रेनमधल्या खार्किव्हहून आलेली एक बाई होती, ती एकदम हसायलाच लागली, कारण युक्रेनियन आणि रशियनमध्ये, आणि पोलिशमध्ये पण, तोच शब्द म्हणजे शिळा, वाळलेला. ती म्हणाली, 2022 मध्ये इथं पोचल्यावर दुसऱ्या दिवशी मुलाला घेऊन बेकरीत गेले, दारावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं की आमच्याकडे रोज चेरस्त्वी पाव, आणि मला वाटलं गरीब लोकांसाठी शिळा पाव वेगळा ठेवतात, म्हणून मी तो मागितला, आणि हातात आला तो अजून गरम होता. सांगताना ती हसत होती आणि डोळ्यात पाणी होतं. मग आम्ही सगळ्यांनी तो पाव तोडून खाल्ला. ताजा होता.

युक्रेनियनचा तास बाईंनी तिलाच घ्यायला सांगितला, हे मला फार आवडलं. तिचं घरचं बोलणं आधी रशियन, शाळा युक्रेनियन. ती म्हणाली दुरून बघणाऱ्याला दोन्ही सिरिलिक सारख्या वाटतात, पण आमच्याकडे रोमन आय सारखं एक अक्षर आहे आणि त्याच्यावर दोन टिंबं असलेलं एक, ती रशियनमध्ये नाहीत, आणि रशियनमधली काही आमच्यात नाहीत. 1876 मध्ये झारच्या हुकमाने युक्रेनियनमध्ये पुस्तकं छापण्यावर बंदी आली होती. ग साठीचं एक वेगळं अक्षर 1933 मध्ये सोव्हिएत काळात मुळाक्षरांतूनच काढून टाकलं, ते परत आलं 1990 मध्ये. तिने ते अक्षर फळ्यावर खूप मोठं काढलं, वरचा कोपरा नीट उचलून. एका अक्षरासाठी माणूस इतकं हळवं होऊ शकतं हे मी आधी बघितलं नव्हतं. मला आमच्या वाड्यातल्या ट्रंकेतले मोडीतले कागद आठवले, पणजोबांच्या हातचे, घरात एकालाही ते वाचता येत नाहीत.

सर्बियनचे दोन तास म्हणजे बाईंचं माहेरच. तिथं एकच भाषा दोन लिप्यांत, सिरिलिक आणि रोमन, शाळेत दोन्ही शिकवतात आणि माणूस दोन्ही वाचतो. वुक काराजिच या सर्बियन भाषासुधारकाने 1818 मध्ये सर्बियन शब्दकोश काढला तेव्हा जुनी नको असलेली अक्षरं काढून टाकली, एक आवाज एक अक्षर, तीस अक्षरं, जसं बोलता तसं लिहा. आणि ल्युदेवित गाय या भाषातज्ज्ञाने 1830 मध्ये क्रोएशियनसाठी रोमन लिपी झेकवरून आकडे घेऊन बसवली. आज रोमन आणि सिरिलिक एकमेकांत जवळजवळ अक्षराला अक्षर उतरतात. बाई म्हणाल्या आजीला कार्ड सिरिलिकमध्ये, बाजाराची यादी रोमनमध्ये, का ते मलाच माहीत नाही. गोव्यात एकच कोंकणी कुणी देवनागरीत लिहितं कुणी रोमीत, तसंच, फक्त इथं तेच माणूस दोन्ही लिहितं. पुढे युगोस्लाव्हिया फुटला आणि एकमेकांना आरामात समजणाऱ्या त्याच बोलण्याची सर्बियन, क्रोएशियन, बॉस्नियन, माँटेनेग्रिन अशी चार नावं झाली, माँटेनेग्रोने तर 2009 मध्ये दोन नवीन अक्षरं पण घेतली. एका विद्यार्थ्याने विचारलं, खरी भाषा कुठली? बाईंनी खूप वेळ खिडकीबाहेर बघितलं आणि मग म्हणाल्या माझी आई साराजेवोची, वडील नोव्ही सादचे, घरी आम्ही फक्त 'आपली' म्हणायचो.

आता तक्रारी. शाळेने दिलेल्या छापील नोट्स निष्काळजीपणाने केलेल्या आहेत. सर्बियनच्या पानावर तिरप्या अक्षरांचा रशियन फॉन्ट वापरलाय. सरळ छापताना दोन्हीकडची अक्षरं सारखी असतात पण तिरपी केली की प, त, ग, द बदलतात, म्हणजे रशियन तिरपा त अगदी इंग्रजी छोट्या एम सारखा दिसतो, आणि सर्बियन तिरपा त म्हणजे तीन काड्या खाली जोडलेल्या आणि वर एक आडवी रेघ, आपल्या शिरोरेषेसारखी. बाईंनी नऊच्या नऊ प्रतींवर लाल पेनने एकेक अक्षर स्वतः सुधारून दिलं, मी त्यांच्या शेजारी बसले होते, पंचवीस मिनिटं गेली त्यात. पैसे घेताय तर नोट्स एकदा जाणकाराला दाखवून छापा ना. मी ऑफिसला ईमेल केला, पुढच्या बॅचला बघू असं उत्तर आलं.

दुसरं म्हणजे बेलारूशियनला जेमतेम दहा मिनिटं, मॅसेडोनियन आणि बल्गेरियन एका तासात कोंबले. खरं तर त्या दोघींचं व्याकरण सगळ्यात वेगळं, विभक्ती गेलेल्या आणि 'ते पुस्तक' मधला 'ते' शब्दाच्या शेवटी चिकटलेला, क्निगा म्हणजे पुस्तक आणि क्निगाता म्हणजे ते पुस्तक. यावर अख्खा एक गुरुवार पाहिजे होता. आणि सॉर्बियनचं नावसुद्धा निघालं नाही, जी इथून सीमेपलीकडे जर्मनीत बाउत्सेन आणि कोटबुसच्या बाजूला अजून बोलली जाते, दोन प्रकारची, आणि तिच्यात पण द्विवचन आहे. मी विचारलं तर बाई म्हणाल्या अभ्यासक्रम शाळा ठरवते. बाईंना दोष नाही. खोली थंड असते, स्वेटर न्या, आणि प्रोजेक्टर उजवीकडून धूसर दिसतो, डावीकडे बसा.

शिकवण्याला पाचपैकी पाच, नोट्स आणि व्यवस्थेला दोन, फीच्या मानाने चार. ज्यांना सिरिलिक अजिबात येत नाही त्यांनी आधी घरी आठवडाभर सराव करून जा, नाहीतर चौथ्या तासाला पार मागे पडाल. सोपी युक्ती सांगते, जी अक्षरं इंग्रजीसारखी दिसतात आणि फसवतात ती आधी पाठ करा. पी दिसतं तो र, एच दिसतो तो न, सी दिसतो तो स, बी दिसतो तो व, एक्स दिसतो तो ख. बाकीची नवीन असतात म्हणून उलट पटकन लक्षात राहतात. हाताने लिहा, टाइप करून उपयोग नाही. मी मुलाच्या चौरेघी वहीत लिहायचे, रशियन हस्ताक्षरात काही शब्द नुसत्या एकसारख्या लाटांसारखे दिसतात, कुठलं अक्षर कुठे संपलं ते काड्या मोजूनच कळतं, त्याची सवय डोळ्याला हातानेच होते.

पुढची बॅच सप्टेंबरच्या शेवटी आहे, नोंदणी करताना तिरप्या फॉन्टबद्दल तुम्ही पण विचारा, चार जणांनी विचारलं तर बदलतील. बाईंनी आम्हाला शेवटच्या दिवशी प्रत्येकाचं नाव ग्लागोलितिकमध्ये लिहून दिलं. माझ्या नावातला 'ळ' कसा लिहायचा यावर त्या बराच वेळ अडल्या, दोन-तीनदा मला म्हणायला लावलं, ओठांकडे बघितलं, आणि मग ल लिहून त्याच्या डोक्यावर एक टिंब दिलं.